ताटलीवरचं नाव

न सांगता कुणाच्या घरी जायचं नाही, हा आग्रह विमलाताई राऊतांचाच होता. मंडळाच्या बैठकीत त्या ठणकावून म्हणाल्या होत्या, "आपण घर बघायला जातोय की धाड टाकायला? आदल्या दिवशी फोन करायचा. माणसांना घर आवरायला वेळ द्यायचा." मितेशला ते फारसं पटलं नव्हतं, पण सरकारी इस्पितळातून सिस्टर-इनचार्ज म्हणून निवृत्त झालेल्या बाईशी कोण वाद घालणार? शिवाय मोठी लढाई त्याने आधीच जिंकली होती. एवढं त्यांना देऊन टाकायला त्याची हरकत नव्हती.

मोठी लढाई म्हणजे नियमाची. वाडीवाल्यांनी केळी, फुलं, विड्याची पानं विकून उभं केलेलं हे मंडळ. समाजातल्या मुलामुलींना शिकवून नोकरीला लावायचं, एवढंच त्याचं काम. दरवर्षी वसईच्या एका खासगी इस्पितळात डायलिसिस टेक्निशियनच्या प्रशिक्षणाची एक जागा मंडळाच्या हातात असायची. फी मंडळाची, शिकवणी इस्पितळाची, वर्ष संपलं की तिथेच नोकरी. आजवर ती जागा समाजाबाहेर गेली नव्हती. एव्हरशाईन सिटीत वाढलेला, चार्टर्ड अकाउंटंट झालेला मितेश चुरी गेल्या वर्षी उभा राहिला आणि म्हणाला, "गरज बघा, जात कशाला बघता? आपल्यातली निम्मी घरं आता बिल्डरकडून फ्लॅट घेऊन बसलीत."

विमलाताई तेव्हा विरोधात बोलल्या होत्या. "आपल्या माणसांनी आपल्यासाठी खणलेली विहीर आहे ही. सगळ्या गावाला पाणी पाजायला निघाल तर घरचीच तहानलेली राहतील. आणि बाकीच्यांना त्यांच्या सवलती आहेतच की." टाळ्या त्यांना पडल्या होत्या, मतं मितेशला. नियम बदलला. समाजाची अट गेली, त्या जागी आर्थिक गरजेची आली. गरज ठरवायची घरभेट घेऊन.

पहिल्याच वर्षी निवडीत दोन नावं उरली, आणि घरं बघायला मितेशबरोबर विमलाताईंनाच जावं लागलं.

रविवारी सकाळी आधी मनवेलपाडा. सलोनी हिवाळे. बारावी सायन्स झालेली, आता वसई पूर्वेच्या एका गाळ्यात औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरणारी. तोंडी मुलाखतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. रक्तदाब एकदम खाली गेला की रुग्णाला काय होतं, हे विचारल्यावर ती म्हणाली होती, "पुस्तकातलं सांगू की आमच्या शेजारच्या काकूंना झालं होतं ते सांगू?" विमलाताईंना हसू आलं होतं. पोरगी आवडली होती. आडनाव ऐकून मात्र जे ओळखायचं ते त्यांनी ओळखलं होतं, आणि त्याबद्दल त्या कुणाशी काही बोलल्या नव्हत्या.

चाळीची खोली एकच. पण आत पाऊल टाकल्यावर मितेशच्या भुवया वर गेल्या. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, ओट्यावर मिक्सर, कोपऱ्यात फ्रिज, खिडकीला धुवट वास असलेले पडदे. सलोनीचे वडील गंगाराम इस्त्रीच्या शर्टात दारातच उभे होते. ते जालन्याकडचे, बांधकामावर लाद्या बसवायचे. गुडघे गेल्यापासून घरीच होते, हे अर्जात होतं. समोर मात्र ते ताठ उभे होते.

"या साहेब, या ताई. गरिबाचं घर आहे."

"छान आहे की घर," मितेश म्हणाला, आणि खरंच तसं वाटत असल्यासारखं म्हणाला.

सलोनीची आई सुनंदा आतबाहेर करत होती. आत म्हणजे पडद्यापलीकडे दोन पावलं. तिने कांदेपोहे आणले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मग थंड पेयाची मोठी बाटली आणली, त्यांच्या समोर धरून झाकण फिरवलं, कागदी पेल्यांचं पाकीट त्यांच्या समोरच फाडलं. फस्स आवाज झाला तसं गंगाराम हसले. "कालच आणून ठेवलाय. गार आहे चांगला."

विमलाताईंच्या हातात पोह्यांची ताटली आली आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "अगं बाई, उपास आहे माझा आज."

ते वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. त्यांची आई कुठल्याशा घरी असंच म्हणायची. आयुष्यभर परक्यांचं रक्त हाताने पुसलेल्या बाईच्या तोंडी ते कुठून आलं, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सुनंदाचा हात क्षणभर थांबला. "मग थंडा घ्या ताई. थंडा चालतो उपासाला." विमलाताईंनी पेला घेतला.

मितेशने पोहे संपवले, आणखी मागून घेतले, फोडणीचं कौतुक केलं. आणि विमलाताई मांडीवरच्या न खाल्लेल्या ताटलीकडे बघत बसल्या. स्टीलची ताटली. कडेला, बायकांना बघायची सवय असते तिथे, नाव कोरलेलं होतं: सौ. हंसा वाघेला. मितेशच्या हातातल्या रिकाम्या ताटलीवर दुसरंच नाव: कु. शिल्पाच्या लग्नाप्रीत्यर्थ, गुरव परिवार. गंगारामांच्या हातातल्या पाण्याच्या तांब्यावर तिसरंच.

कुठल्याही घरात भांडी कुणाची ते भांडीच सांगतात. विमलाताईंना मग खुर्च्याही दिसल्या: दोन लाल, दोन निळ्या. मिक्सरची वायर लावायला ओट्याजवळ सॉकेटच नव्हतं. फ्रिजचं दार मगाशी उघडलं तेव्हा आत थंड्याची बाटली आणि एक पातेलं, बाकी पांढरा रिकामा उजेड. सगळी चाळ उसनी आणून मांडली होती.

त्यांनी मान वर केली. सुनंदा पडद्याला धरून त्यांच्याकडेच बघत होती. ताटलीवरचं नाव वाचताना तिने त्यांना पाहिलं होतं. दोघींची नजर भेटली. सुनंदाने पुढे येऊन ताटली उचलली आणि नाव पोटाशी धरून आत नेली.

रिक्षात बसल्यावर मितेश सुस्कारा टाकून म्हणाला, "मला वाटलं होतं त्याहून बरं आहे यांचं. फ्रिज, मिक्सर, पाहुण्यांना दोन लिटरचा थंडा. खाऊनपिऊन सुखी आहेत. नाही का?"

एक वाक्य पुरलं असतं. अरे मुला, ताटल्यांवरची नावं नाही वाचलीस का? विमलाताईंनी रस्त्याकडे बघितलं. "दिसलं ते दिसलं," त्या म्हणाल्या.

दुपारी आगाशी. दुसरं नाव अनुज राऊत, म्हणजे विमलाताईंच्या चुलतभावाचा, शांतारामचा मुलगा. इंजिनिअरिंगला घातलेला, दोन वर्षांत परत आलेला, मोबाईलमधून मान वर करताना गोड हसणारा. विमलाताईंना आत्या म्हणणारा. नात्याचं त्यांनी मंडळाला आधीच सांगितलं होतं. वाडीत कोण कुणाचं नातेवाईक नसतं? असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

शांतारामने अंगणात चटई टाकली होती. अंगात जुना, बगलेत उसवलेला सदरा. विमलाताईंनी तो याआधी फक्त नारळ पाडणाऱ्या गड्याच्या अंगावर बघितला होता. ओटीच्या भिंतीवर मोठा पांढुरका चौकोन होता, भोवतालचा रंग उडालेला. टीव्ही काल-परवाच उतरवला असणार. गाडी अंगणात नव्हती. येताना विमलाताईंना ती शेजारच्या फर्डिनंडच्या आवारात चिंचेखाली ताडपत्रीने झाकलेली दिसली होती. ताडपत्रीखालून चाकं दिसत होती.

"काय सांगू, वाडीत रायलंय काय?" शांताराम मितेशला सांगत होता. "विहिरीचं पानी खारं झालं. केळ वाढत नाय, पान जळून जातं. पुढचा तुकडा दिला बिल्डरला, तो पैसा पोरीच्या लग्नात गेला. ह्या पोराचं काय तरी करा."

त्याच्या विहिरीच्या पाण्याचं खोटं नव्हतं. पण लग्नातून उरलेल्या पैशांचे दोन गाळे आहेत आणि त्यांचं भाडं येतं, हे विमलाताईंना ठाऊक होतं. गाळ्यांच्या वास्तुशांतीला पंगतीत वाढायला त्याच होत्या.

शांतारामची बायको विनिता आतून तांब्याभर पाणी घेऊन आली. नुसतं पाणी. चहा नाही, उन्हात वाळवलेली सुकेळी नाही, साधा गूळही नाही. वाडीतल्या घरातून पाहुणा नुसत्या पाण्यावर उठतोय, हे विमलाताई जन्मात पहिल्यांदा बघत होत्या. मयताच्या घरी तरी चहा मिळतो.

"वहिनी, चहा नाही का गं?" त्यांनी मुद्दामच विचारलं.

विनिता नवऱ्याकडे बघत राहिली. शांताराम म्हणाला, "दूध परवडत नाय, विमल." आणि ओटीवर बसलेल्या अनुजला हसू आवरेना, म्हणून तो उठून आत गेला.

परतताना मितेश म्हणाला, "माझंच चुकत होतं थोडं. मला वाटायचं आपल्यातली सगळी घरं श्रीमंत झाली. चहासुद्धा नाही हो, विमलाताई."

पुढच्या बैठकीत मितेशने दोन्ही घरांचं वर्णन केलं. प्रामाणिकपणे, डोळ्यांना दिसलं तसं. अध्यक्षांनी विचारलं, "विमलाताई, तुम्ही होतात. तुमचं काय म्हणणं?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. नियम त्यांना नको होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आता त्याच नियमाने जागा घरात परत येत होती. त्यासाठी त्यांना काही करायचं नव्हतं. खोटं बोलायचंही नव्हतं.

"मितेशने सांगितलं ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

अनुजची निवड झाली. शांतारामने फोन करून सांगितलं, "आपली माणसं आपलीच असतात गो." रात्री त्याच्याकडून सुरमईच्या दोन मोठ्या तुकड्या आल्या. विमलाताईंनी त्या तळल्या, आणि ताटात वाढून घेतल्यावर ताटाची कड बघितली. आईचं नाव. आईची सगळी भांडी त्यांच्याकडेच होती.

ते नाव बघून त्यांना आठवलं. त्या सतरा-अठरा वर्षांच्या असताना मंडळाची माणसं त्यांच्याही घरी आली होती, नर्सिंगला पाठवायचं की नाही ते ठरवायला. आईने फर्डिनंडच्या आईकडून लाकडी खुर्च्या आणल्या होत्या, नक्षीच्या कपबशा आणल्या होत्या. मंडळाच्या माणसांनी त्या खुर्च्यांवर बसून चहा पिऊन सांगितलं होतं, पोरगी पाठवा. उसन्या खुर्च्यांनी तेव्हा काही बिघडलं नाही, कारण तेव्हा खुर्च्या कुणी बघतच नव्हतं. मामा कुठले, हे विचारलं की झालं. विमलाताईंनी मासा अर्धवट टाकला.

त्यानंतर घरात कुठलंही भांडं हातात घेतलं की त्यांची नजर कडेवर जायची. मंडळाच्या कुणी काही विचारलं नाही. सलोनीने फोन केला नाही, तक्रार केली नाही. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं.

इस्पितळातले वर्ग सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा एका सकाळी विमलाताईंच्या वाडीच्या फाटकाशी सुनंदा उभी दिसली. हातात पिशवी, चेहरा उन्हाने तांबडा झालेला. आगाशीपर्यंत बसने येऊन पुढे ती विचारत विचारत चालत आली होती.

"ताई, ओळखलं का?"

"या ना. आत या."

ती ओटीवरच बसली, अगदी कडेला. पिशवीतून तिने डझनभर केळी काढून समोर ठेवली. चारी बाजूंना केळीचे लोंगर लटकत असलेल्या वाडीत बाजारातली केळी. तिलाही ते आत्ता दिसलं असावं. ती ओशाळून हसली. "मला काय माहीत, इथं केळीचंच रान आहे. म्हटलं, फळ कुणालाबी चालतं."

विमलाताईंनी चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्यांनी दोनदा ओटीवर डोकावलं. सुनंदाने चहा घेतला, संपवला आणि मग बोलली.

"ताई, मी माफी मागायला आले. तुम्ही ताटलीवरचं नाव वाचलं, ते मी बघितलं होतं. आमचा खोटेपणा तुमच्या ध्यानात आला, म्हणून पोरीची जागा गेली. सलोनी बोलत नाही माझ्याशी. म्हणती, आई, तुझ्या खुर्च्यांपायी गेलं सगळं."

"अहो, तसं नाही…"

"ऐकून घ्या. फसवायचं नव्हतं ताई. श्रीमंत दिसून कुणाला काय मिळतंय? मागं एकदा तिच्या क्लासच्या बाई आल्या होत्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. दारातूनच गेल्या. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. तवापासून मी ठरवलं, कुणी मोठं माणूस आलं तर त्याला आमच्या घरात बसायला अडचण नको. खुर्ची चांगली पाहिजे. थंडा बंद बाटलीचा पाहिजे, त्याच्या समोरच फोडायचा. पेले पाकिटातले. म्हणजे…" तिने वाक्य सोडून दिलं. "चूक माझी आहे. शिक्षा पोरीला नका करू. पुढच्या वर्षी तरी बघा."

मितेशने त्या थंड्याचा हिशोब उधळपट्टीत धरला होता. विमलाताईंनी शेजारणींची नावं वाचली होती, पण बंद बाटली त्यांनाही वाचता आली नव्हती. म्हणजे आली होती. त्यांनी पोह्यांना उपास सांगितला होता आणि थंडा घेतला होता.

तेवढ्यात सुनंदा उठली. कपबशी घेऊन ओटीच्या टोकाला बाहेरच्या नळापाशी गेली.

"अहो राहू द्या! ठेवा ती!"

तोवर कप विसळून झाला होता. सुनंदाने तो उपडा करून कठड्यावर ठेवला, नेमका त्याच जागी, जिथे विमलाताईंच्या आईच्या काळी वाडीत खणायला येणाऱ्या बायांचे कान तुटलेले कप उपडे असायचे. त्या जागेवर आता तुळशीची कुंडी होती. कप कुंडीला टेकून राहिला.

"सुनंदाबाई, बसा," विमलाताई म्हणाल्या. "तुमच्यामुळे काही गेलं नाही. मी नावं वाचली, तेव्हाच मला कळलं की सगळं उसनं आहे, आणि घरात काही नाही. मी ते बैठकीत सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ज्याला जागा मिळाली तो माझा भाचा आहे. त्यांची गाडी शेजारी लपवलेली होती, तेही मी बघितलं होतं."

सुनंदा पुन्हा ओटीच्या कडेला टेकली.

"आणि माझा त्या दिवशी उपास नव्हता."

"ते मला त्याच वेळी कळलं होतं," सुनंदा शांतपणे म्हणाली. "चाळीतल्या सगळ्या बायकांचे उपास मला पाठ आहेत. असा मधल्याच रविवारचा कुणाचा नसतो."

उठून जाताना तिने केळी मात्र परत नेली नाहीत.

ती फाटकापर्यंत पोचायच्या आत विमलाताईंनी मितेशला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग तेव्हा का नाही बोललात? मला काय, मी ताटल्या नाही वाचत. म्हणून तर तुम्हाला बरोबर नेलं होतं."

"नाही बोलले."

"नियम हरवायचा होता?"

"हो," त्या म्हणाल्या. "तेवढंच नव्हतं, मितेश. ते तुला फोनवर नाही सांगता येणार."

बैठक तातडीने बोलावली. विमलाताईंनी उभं राहून दोन्ही घरं सांगितली, भांड्यांपासून गाडीपर्यंत. उपासाचंही सांगितलं. तेव्हा दोन-तीन जणींनी माना खाली घातल्या. शांताराम शेवटच्या रांगेतून ओरडला, "घरातलं चव्हाट्यावर आणलंस, विमल! परक्यांसाठी?" त्याच्या बाजूने बोलायला कुणी उठलं नाही, पण विमलाताईंच्या बाजूनेही कुणी उठलं नाही. अध्यक्षांनी जागा सलोनीला दिली. त्या संध्याकाळपासून शांतारामच्या घराने त्यांच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला तरी अनुज आता आत्या म्हणत नव्हता.

मंडळाचं माणूस म्हणून पहिले काही दिवस इस्पितळात नव्या उमेदवाराबरोबर थांबायचं काम दरवर्षी विमलाताईंकडेच असायचं. सलोनी वेळेच्या आधी आली, मशीनचे भाग सांगितले ते तिने एकदा ऐकूनच पाठ म्हणून दाखवले. "हो मॅडम", "नाही मॅडम", त्यापलीकडे एक शब्द नाही. मुलाखतीतला तो मिश्कीलपणा कुठे दिसला नाही.

दुपारी जेवणाच्या खोलीत सगळ्यांनी डबे उघडले. सलोनीने आपला डबा उघडला, भाकरी आणि मेथीची भाजी. शेजारच्या मुलीला ती म्हणाली, "घे ना थोडी." समोरच्या वॉर्डबॉयला म्हणाली, "दादा, या जेवायला." मग तिची नजर विमलाताईंवर आली. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती थांबली.

"मॅडम, आज उपास?"

खोचकपणे विचारलं की सरळ, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"नाही," विमलाताई म्हणाल्या. "आज नाही."

सलोनीने मान हलवली. डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि जेवायला लागली.